मृत्यू, वारसा आणि न्याय: हिब्रू शास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदाम, मोशे, दावीद ही नावं मराठी वाचकाला परकी नाहीत. पण ज्या ग्रंथांतून ती आली, ते ग्रंथ मरणाबद्दल मुळात काय म्हणतात हे सहसा कळत नाही, कारण स्वर्ग-नरकाच्या नंतरच्या कल्पना आपण त्यांच्यावर आधीच चढवलेल्या असतात. त्या बाजूला ठेवून वाचलं की एक गोष्ट ठळक दिसते. या ग्रंथांच्या फार मोठ्या भागात मेल्यानंतर हिशेब होत नाही. म्हणून तो इथेच, गावाच्या वेशीत, साक्षीदारांसमोर पुरा करण्याची एवढी धडपड आहे. खालची उत्तरं याच धाग्याने लिहिली आहेत. माणसांची आणि पुस्तकांची नावं मराठी बायबलमध्ये रूढ आहेत तीच वापरली आहेत.

हिब्रू शास्त्र म्हणजे जुना करारच का?

मजकूर बहुतांशी तोच, मांडणी वेगळी. यहुदी लोक त्याला तनाख म्हणतात. त्याचे तीन भाग: तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं (उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद), नवीईम म्हणजे संदेष्टे आणि कतुवीम म्हणजे इतर लेखन. यहुदी मोजणीने पुस्तकं २४ होतात. प्रोटेस्टंट बायबलच्या जुन्या करारात तीच वेगळी विभागून ३९ होतात. हे लिखाण कित्येक शतकांत, वेगवेगळ्या हातांनी झालं आहे आणि त्यात आपसांत वाद आहेत. त्यामुळे 'शास्त्र असं म्हणतं' असं कुणी सांगितलं की 'कोणतं पुस्तक?' हे आधी विचारावं.

मरणानंतर माणूस कुठे जातो, असं हे ग्रंथ सांगतात?

बहुतेक ठिकाणी उत्तर एकच आहे: शिओल, म्हणजे मराठी बायबलमधला अधोलोक. तो जमिनीखाली आहे, अंधारा आहे, धुळीचा आहे आणि तिथे सगळेच जातात. योसेफाला श्वापदाने खाल्लं असं वाटल्यावर याकोब म्हणतो, मी शोक करत माझ्या मुलाकडे अधोलोकात उतरेन. बापाला स्वतःसाठी आणि निरपराध मुलासाठी दुसरी जागा सुचतच नाही. ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायात तर अधोलोकाचं वर्णन जवळजवळ आसुसून केलेलं आहे. तिथे लहानथोर एकत्र असतात, कैद्यांच्या कानी मुकादमाची हाक पडत नाही, गुलाम धन्यापासून सुटलेला असतो. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, बाबेलचा राजा मरून खाली येतो तेव्हा आधी मेलेले राजे आसनांवरून उठतात आणि म्हणतात, तूही आमच्यासारखाच दुबळा झालास.

शिओल ही शिक्षा नव्हे आणि बक्षीसही नव्हे. तिथे छळ नाही, सुख नाही. स्तोत्रकर्त्यांना सर्वांत जास्त बोचते ती गोष्ट म्हणजे तिथे देवाची स्तुतीही होत नाही. सहाव्या स्तोत्रातला आजारी माणूस देवाला विचारतो की अधोलोकात तुझं स्तवन कोण करणार? मरणाच्या दारातून परतलेला राजा हिज्कीयाही तेच म्हणतो: जिवंत माणूसच तुझी स्तुती करतो, जशी आज मी करतो आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत याच भीतीचं आहे आणि ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. असं स्तोत्र कुणी खोडून टाकलं नाही, उपासनेच्या संग्रहात इतरांच्या बरोबरीने ठेवलं, याचा मला फार आदर वाटतो.

'उपदेशक' या पुस्तकाचा लेखक आणखी पुढे जातो. मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत कुत्रा बरा, कारण जिवंताला निदान आपण मरणार एवढं तरी ठाऊक असतं, मेलेल्याला काहीच नाही. माणूस आणि पशू या दोघांचा श्वास एकच, दोघंही मातीतून आले, मातीत जाणार. माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कुणाला माहीत आहे, असा त्याचा थेट सवाल आहे.

मग स्वर्ग, नरक आणि पुनर्जन्म?

स्वर्ग आहे, पण तो देवाचा. सज्जनांनी मेल्यावर तिथे जाऊन राहायचं असं तोरात कुठेही सांगितलेलं नाही. नरकाचं म्हणाल तर यरुशलेमेच्या दक्षिण-पश्चिमेला हिन्नोमचं खोरं आहे. तिथे लोक आपल्या मुलांना आगीत अर्पण करत म्हणून यिर्मया या संदेष्ट्याने त्या जागेला शाप दिला. पुढे त्याच नावावरून गेहिन्नोम हा नरकासाठीचा शब्द झाला. हिब्रू शास्त्रात मात्र ते खरंखुरं, पायी जाता येईल असं खोरं आहे.

पुनर्जन्म तनाखमध्ये नाही. मध्ययुगातल्या कबाला या गूढ परंपरेत 'गिलगुल' नावाने तो आला. अजर-अमर आत्मा देहाच्या पिंजऱ्यात अडकलाय, ही कल्पनाही इथली नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. माती आणि श्वास एकत्र आले की जिवंत प्राणी होतो.

मरण न येता गेलेले दोघंच. हनोखाला देवाने नेलं, एवढंच एका ओळीत म्हटलंय. संदेष्टा एलीया अग्निरथ दिसल्यावर वावटळीतून वर गेला. हा एलीया पुढे कोकणात भेटणार आहे.

मेलेल्यांशी बोलता येतं का? त्यांना अन्न ठेवतात का?

दोन्हींना मनाई आहे, आणि मनाई आहे म्हणजे लोक ते करत होते. अनुवाद या पुस्तकात धान्याचा दशमांश देताना शेतकऱ्याने म्हणायचं आहे की यातलं मी मेलेल्यांना काही दिलेलं नाही. भूतविद्या जाणणाऱ्यांकडे जाण्यावरही बंदी आहे. तरी शौल राजा स्वतःच ही बंदी घालून, उद्याच्या लढाईच्या भीतीने वेष पालटून एन-दोरच्या बाईकडे रात्री जातो. ती मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणते. शमुवेल वैतागून विचारतो, मला का त्रास दिलास? आणि सांगतो की उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याजवळ असाल. पडलेल्या शौलाला त्या बाईने जबरदस्तीने जेवू घातलं, घरातलं वासरू कापलं, भाकरी भाजली, हा तपशील बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. मला तो त्या प्रसंगातला सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो.

दफनाला एवढं महत्त्व का?

पुढे काहीच होणार नसेल तर हाडं कुठे आहेत, कुणाच्या शेजारी आहेत, याला अर्थ येतो. मरणाबद्दल 'तो आपल्या लोकांना जाऊन मिळाला' असं वारंवार म्हटलंय. पुरातत्त्वातही हेच दिसतं. यहूदातल्या खडकात कोरलेल्या कुटुंबाच्या थडग्यांत मृतदेह दगडी बाकावर ठेवत. कालांतराने त्याची हाडं गोळा करून पूर्वजांच्या हाडांत, एका खड्ड्यात मिसळत.

उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात १२७ वर्षांची सारा मरते. अब्राहामाकडे देवाने कबूल केलेल्या देशात पुरायलाही जमीन नाही. 'मी तुमच्यात उपरा आहे' असं म्हणून तो हित्ती लोकांकडे जागा मागतो. जागेचा मालक एफ्रोन म्हणतो, फुकट घ्या. अब्राहाम ऐकत नाही. वेशीत सगळ्यांसमोर ४०० शेकेल चांदी तोलून देतो आणि मकपेलाची गुहा, शेत, शेतातली झाडं यांसह व्यवहार पक्का करतो. आजच्या खरेदीखताची आठवण यावी इतका तो मजकूर काटेकोर आहे. पुढे अब्राहाम, इसहाक, रिबका, लेआ आणि याकोब यांनाही हेब्रोनमधल्या त्याच गुहेत ठेवलं. राहेल मात्र वाटेत, एफ्राथच्या रस्त्यावर गेली आणि तिथेच राहिली. योसेफाने आपली हाडं मिसरातून न्यायची शपथ भावांकडून घेतली. ती हाडं वाळवंटातल्या ४० वर्षांच्या प्रवासात लोकांनी बरोबर वाहिली आणि शखेम इथे पुरली.

याला मोठा अपवाद मोशेचा. १२० वर्षांचा मोशे नबो डोंगरावरून देश पाहतो आणि तिथेच मरतो. त्याची कबर कुठे आहे हे आजवर कुणाला माहीत नाही, असं अनुवादाचा शेवटचा अध्याय सांगतो. सर्वांत मोठ्या माणसाचं स्मारक होणारच नाही, अशी तजवीज या ग्रंथाने केली आहे.

जमिनीखालून आलेल्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. १९७९ साली पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बारकाय यांना यरुशलेमेत, हिन्नोमच्या खोऱ्यावरच्या केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर गणनाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादाचे शब्द आहेत: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. काळ इसवी सनपूर्व ६०० च्या आसपासचा. बायबलमधल्या मजकुराचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना लेखी पुरावा, आणि तो मृतासोबत ठेवलेला होता.

दुसरी गोष्ट यरुशलेमेजवळच्या सिलवानची. तिथल्या एका थडग्याच्या दारावरचा लेख १८७० साली मिळाला आणि १९५३ साली पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांनी तो वाचला. राजवाड्याच्या कारभाऱ्याचं ते थडगं. लेख म्हणतो, इथे सोनं नाही, चांदी नाही, फक्त त्याची आणि त्याच्यासोबत त्याच्या दासीची हाडं आहेत, हे उघडेल तो शापित असो. कारभाऱ्याचं नाव फुटलेलं आहे, शेवटची 'याहू' ही अक्षरं तेवढी उरली आहेत. यशयाच्या बाविसाव्या अध्यायात शेबना नावाच्या कारभाऱ्याला संदेष्टा झापतो: उंचावर स्वतःसाठी थडगं कोरून घेणारा तू कोण? हा तोच कारभारी असावा असं अविगादांसह अनेक अभ्यासकांना वाटतं.

शोक कसा करायचा?

कपडे फाडायचे, गोणपाट नेसायचं, जमिनीवर बसायचं. स्वतःच्या अंगावर वार मात्र करायचे नाहीत. योसेफ बापासाठी सात दिवस शोक करतो. यहुदी घरांत आजही पाळल्या जाणाऱ्या सात दिवसांच्या 'शिवा'चा संबंध याच्याशी जोडतात. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी जे काही बिघडवलं ते नंतर तोंड उघडल्यावर. मृतासाठी म्हणतात ती 'कद्दीश' प्रार्थना तनाखनंतरची आहे आणि तिच्यात मरणाचा उल्लेखच नाही, ती देवाच्या नावाची स्तुती आहे.

वारसा म्हणजे इथे नेमकं काय?

आधी जमीन, मग नाव. पैसा फार मागे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे आणि पाहुणे. म्हणून ती कायमची विकता येत नाही. कर्जापायी गेली तरी नातेवाइकाने सोडवावी, आणि पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षी, मूळ कुटुंबाकडे परत जावी.

हे समजलं की १ राजे २१ मधली नाबोथाची गोष्ट उलगडते. इज्रेलमध्ये अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीचा मळा हवा आहे. तो बदल्यात चांगला मळा देऊ करतो, रोख पैसेही देऊ करतो. देकार वाईट नाही. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला द्यावं, असं देव न करो. त्याच्या दृष्टीने मळा त्याच्या एकट्याचा नाहीच, तो मेलेल्यांचा आणि न जन्मलेल्यांचाही आहे.

मग ईजबेल राणी काय करते? ती मारेकरी पाठवत नाही. राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिते, उपास जाहीर करायला लावते, गावच्या वडीलधाऱ्यांना बोलावते आणि दोन साक्षीदार उभे करते, कारण कायद्याला दोन लागतात. नाबोथाने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या असं ते सांगतात. नाबोथाला दगडमार होतो. कागदोपत्री एकही त्रुटी नाही. ज्या समाजात मेल्यानंतरचं न्यायालय नाही, तिथलं हे एकमेव न्यायालय असं नासवलं गेलं. म्हणून मळ्यात उभ्या राहिलेल्या अहाबाला एलीयाचा सवाल इतका धारदार आहे: खून केलास आणि वर ताबाही घेतलास? मला संपूर्ण तनाखमध्ये न्यायावरचा याहून मोठा अध्याय दिसत नाही, आणि तो दीड पानांचा आहे.

मुलींना वाटा मिळत होता का?

सर्वसाधारणपणे नाही. थोरल्या मुलाला दुप्पट, बाकीच्या मुलांना एकेक. पण गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं नाव कुळातून का नाहीसं व्हावं? मोशे प्रश्न देवापुढे नेतो आणि उत्तर येतं की मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून कायदा बदलतो. पुढे छत्तिसाव्या अध्यायात वंशातले पुरुष तक्रार घेऊन येतात आणि जमीन बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट पडते. मिळालं ते अर्धवट होतं. तरी पाचही जणींची नावं पुन्हा पुन्हा नोंदवली आहेत, हे विसरू नये.

मूल नसेल तर नाव कसं टिकायचं?

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात नियम आहे: एकत्र राहणाऱ्या भावांपैकी एक निपुत्रिक मेला तर दुसऱ्याने त्याच्या बायकोशी लग्न करावं आणि पहिला मुलगा मृताच्या नावाने चालावा. दीर तयार नसेल तर वडीलधाऱ्यांसमोर ती त्याच्या पायातलं पायतण काढते आणि त्याच्यापुढे थुंकते. रूथच्या पुस्तकात हीच प्रथा थोड्या वेगळ्या रूपात आहे. मवाबातून आलेली परदेशी विधवा, तिची सासू नामी, शेत सोडवून घेणारा बवाज, आणि त्यातून पुढे दावीद राजाचा वंश.

दावीदाचा मुलगा अबशालोम याने दुसरी वाट धरली. माझं नाव चालवायला मुलगा नाही म्हणून त्याने जिवंतपणीच स्वतःसाठी खांब उभारला. त्याला पुरलं मात्र रानातल्या खड्ड्यात, वर दगडांची रास घालून.

सर्वांत मोकळं उत्तर यशया ५६ मध्ये आहे. षंढ माणसाने 'मी वाळलेलं झाड' असं म्हणू नये. माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत मी त्याला मुलगे-मुलींपेक्षा उत्तम असं स्मारक आणि नाव देईन, असं देव म्हणतो. मूळ हिब्रूत ते शब्द 'याद वाशेम' असे आहेत. नाझींनी मारलेल्या यहुद्यांच्या स्मृतीसाठी १९५३ साली यरुशलेमेत संस्था उभी राहिली तेव्हा तिला हेच नाव दिलं, आणि मृतांची नावं एकेक करून गोळा करणं हे तिचं एक मुख्य काम आहे.

'डोळ्याबद्दल डोळा' हा सूड नाही का?

वाचताना तसं वाटतं, आणि ज्याला ते क्रूर वाटतं त्याला मी चूक म्हणणार नाही. पण आधी हे पाहावं की ही मर्यादा आहे: एका डोळ्याच्या बदल्यात जीव घेता येणार नाही. शिवाय हा नियम आहे त्या निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात पुढे लगेच, धन्याने गुलामाचा दात पाडला तर गुलाम मोकळा, असं आहे. रब्बींनी, म्हणजे नंतरच्या यहुदी धर्मशिक्षकांनी, तर हा नियम भरपाईचाच ठरवला. त्यांचं एक कारण कायद्यातूनच येतं. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका, असं गणना ३५ सांगतं. म्हणजे इतर इजांबद्दल पैसे घेता येतात.

निर्गमच्या त्याच अध्यायात असंही आहे की मारल्यावर गुलाम एक-दोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो त्याचा पैसा आहे. हे झाकून ठेवून या कायद्याचं कौतुक करू नये.

मृत्युदंडाबद्दल काय?

तोरात तो बऱ्याच गुन्ह्यांसाठी आहे. पण एका साक्षीवर देता येत नाही. खोटी साक्ष देणाऱ्याला, त्याने दुसऱ्यावर जी शिक्षा आणू पाहिली तीच होते. फाशी दिलेलं प्रेतही रात्रभर लटकत ठेवायचं नाही. श्रीमंताने पैसे भरून सुटायचं नाही.

चुकून झालेल्या हत्येसाठी सहा आश्रयनगरं होती: यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन; नदीपलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. सूड घ्यायला निघालेल्या नातेवाइकाच्या हातून वाचण्यासाठी माणसाने तिथे पळायचं आणि महायाजक मरेपर्यंत तिथेच राहायचं. म्हणजे आश्रिताची सुटका दुसऱ्या एका मरणावर अवलंबून. मिश्ना या रब्बींच्या कायदेसंग्रहात यावर एक गोड नोंद आहे: महायाजकांच्या आया या आश्रितांना अन्नवस्त्र पुरवत, म्हणजे त्यांनी आपल्या मुलाच्या मरणाची प्रार्थना करू नये.

खुनी सापडलाच नाही तर? प्रेताला सर्वांत जवळचं गाव मोजून काढायचं आणि त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी मान मोडून मारलेल्या कालवडीवर हात धुऊन सांगायचं की हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणायची सोय नाही.

पुढे मिश्नामध्ये रब्बी म्हणतात, सात वर्षांत एकाला मारणारं न्यायमंडळ घातकी होय. एलाझार बेन अजर्या सत्तर वर्षांत एक म्हणतात. तारफोन आणि अकीवा म्हणतात, आम्ही तिथे असतो तर कुणीच मारलं गेलं नसतं. त्यावर शिमोन बेन गमलिएल म्हणतात, मग तुम्ही इस्राएलात खुनी वाढवले असते. वाद तिथेच सोडला आहे.

बापाचं पाप मुलाच्या माथी येतं का?

निर्गमच्या दहा आज्ञांमध्ये देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पापाचं फळ देतो. अनुवादाचा चोविसावा अध्याय मात्र माणसांच्या न्यायालयाला बजावतो: मुलासाठी बापाला आणि बापासाठी मुलाला मारू नका. शेजारच्या बाबेलमध्ये हम्मुराबीच्या कायद्यात घर कोसळून मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या ओळीचं वजन कळतं.

इसवी सनपूर्व ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, त्याआधीच काही लोक बाबेलात नेले गेले होते. 'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' ही म्हण त्यांच्या तोंडी होती. संदेष्टा यहेज्केल आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ती म्हण मोडून काढतो. चांगला आजोबा, दुष्ट बाप, चांगला नातू, अशा तीन पिढ्या घेऊन तो दाखवतो की प्रत्येकाचा हिशेब वेगळा. आणि दुष्ट मेल्याने मला आनंद होत नाही, तो वळून जगावा हीच माझी इच्छा, असं देवाच्या तोंडी घालतो.

तरी कथा कायद्यासारख्या वागत नाहीत. २ शमुवेल २१ मध्ये दुष्काळ पडतो, शौलाने गिबोनकरांवर केलेल्या अत्याचाराचं कारण पुढे येतं आणि दावीद शौलाचे सात वंशज त्यांच्या हवाली करतो. सातांनाही डोंगरावर मारून टाकतात. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा. जवाची कापणी सुरू होत असताना ती खडकावर गोणपाट अंथरते आणि पाऊस पडेपर्यंत तिथून हलत नाही. दिवसा पाखरं, रात्री जनावरं, कुणालाही ती प्रेतांना शिवू देत नाही. ती एक शब्दही बोलत नाही. बातमी दावीदाकडे जाते. तो शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांची हाडं आणवतो, या सातांची हाडं गोळा करतो आणि दफन करतो. त्यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली, असं लिहिलंय. सात जण मारले गेल्यानंतर लगेच तसं म्हटलेलं नाही, पुरल्यानंतर म्हटलं आहे. मला हा क्रम जाणूनबुजून ठेवलेला वाटतो.

निरपराध का मरतात? ईयोबाला उत्तर मिळालं का?

निरपराध ईयोबाची दहाही मुलं मरतात, गुरंढोरं जातात. 'का' याचं उत्तर त्याला मिळालं नाही. त्याचे मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर म्हणत राहतात की तू काहीतरी केलं असशील. ईयोब नमत नाही. झाड तोडलं तरी त्याला पुन्हा धुमारे फुटण्याची आशा असते, माणूस मेला की संपला, म्हणून मला न्याय इथेच हवा, असं त्याचं भांडण आहे. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण खटल्यावर बोलत नाही. समुद्र, तारे, रानगाढव, गरुड यांच्याबद्दल बोलतो. मात्र मित्रांना तो सांगतो की माझ्याविषयी तुम्ही खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला. तक्रार करणारा खरा आणि देवाची वकिली करणारे खोटे, हा निकाल धर्मग्रंथातच आहे.

शेवटी ईयोबाची गुरंढोरं दुप्पट होतात, मुलं मात्र पुन्हा सात मुलगे, तीन मुली. मेलेली दहा परत येत नाहीत. नव्या तिघींची नावं दिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिलं असंही सांगितलंय. एवढं गमावलेल्या माणसाने वाटणी करताना मुलींना वगळलं नाही.

मेलेले उठतील ही कल्पना मग कधी आली?

उशिरा, आणि न्यायाच्या पोटातून. यहेज्केल ३७ मधली वाळलेली हाडं उठतात, पण तिथेच सांगितलंय की ही हाडं म्हणजे हद्दपार झालेलं राष्ट्र. यशया २६ मध्ये धुळीत राहणाऱ्यांनो जागे व्हा असं आहे. स्पष्ट विधान दानीएल १२ मध्ये येतं: मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी, काही अप्रतिष्ठेसाठी. बहुतेक अभ्यासक हा भाग इसवी सनपूर्व १६५ च्या सुमाराचा मानतात. अंतियोख चौथा या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली होती आणि नियम पाळणारेच त्यापायी मारले जात होते. चांगलं वागणारा दीर्घायुषी होतो हा जुना हिशेब त्यांच्या बाबतीत उलटा झाला. त्यांना न्याय मिळायचा तर मरणापलीकडेच मिळायला हवा होता.

पुढे परुशी आणि सदूकी या दोन यहुदी पंथांपैकी परुशींनी हे मानलं, सदूकींनी नाकारलं. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदेसने श्रद्धेची तेरा तत्त्वं मांडली त्यांत मृतांचं पुनरुत्थान हे तेरावं.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, आणि जुना आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी. गावावरून आडनावं, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली ही ओळख. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. म्हणजे या समाजाच्या आठवणीतली पहिली जागाही दफनाचीच. नवगावचं कब्रस्तान आजही त्यांच्यासाठी पवित्र आहे.

अहाबाला जाब विचारणारा तो एलीया इथे एलियाहू हन्नाबी म्हणून घरोघरी आहे. त्याच्या नावाने मलिदा करतात: पोहे, साखर, खोबरं, फळं. त्याचा रथ अलिबागजवळ खंडाळ्याला टेकला अशी श्रद्धा आहे आणि तिथल्या खडकावरची खूण दाखवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाने मराठी कीर्तनाच्या चालीवर अब्राहाम, योसेफ यांची आख्यानंही लावली.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

रूथपासून. चारच अध्याय आहेत. मग १ राजे २१, यहेज्केल १८, स्तोत्र ८८ आणि ९०, आणि 'उपदेशक' एका बैठकीत. ईयोब ४२ अध्यायांचा आहे; एकदम झेपत नसेल तर १ ते ३, १४, १९ आणि ३८ ते ४२ वाचावेत, मधली भाषणं नंतर. मराठीत बायबल सोसायटीच्या आवृत्त्या सहज मिळतात. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर १९२४ साली छापून झालं. ते हाती लागलं तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावं.